दार लावण्याआधी

थंडोबा हे नाव त्याला गल्लीनं दिलं होतं, आणि दोन कारणांनी दिलं होतं. एक म्हणजे तो फ्रिज, बर्फाची यंत्रं आणि कोल्ड रूम दुरुस्त करायचा. दुसरं म्हणजे त्याच्याइतका तापट माणूस त्या गल्लीत शोधून सापडला नसता. राग इतरांच्या नाकावर येऊन बसतो. त्याच्या नाकावर तो कायमचा राहायलाच आला होता. गिऱ्हाइकानं ‘यंत्र जरा कमी गार करतंय’ म्हटलं तरी त्याचं डोकं फिरायचं, कारण जरा म्हणजे किती, हे सांगायची अक्कल गिऱ्हाइकाला नको का? फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवणाऱ्या घरात तो चहासुद्धा घेत नसे. तरी लोक त्यालाच बोलवायचे. काम चोख आणि शिव्या फुकट, असं कोपऱ्यावरचा खाटीक म्हणायचा.

दुकान घराच्याच तळमजल्यावर होतं. दारात दोन-तीन आजारी फ्रिज पोट उघडून उभे असत, आत तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, गॅसच्या टाक्या, आणि एका फळीवर जळलेले कॉम्प्रेसर. कोणी काही बिघडवून आणलं की थंडोबा त्यातला एक कॉम्प्रेसर फळीवरून उचलून त्याच्या पुढ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, हे असं होतं, बघून घ्या. दुकानाच्या उंबऱ्याशी एक स्टूल होतं. त्यावर अण्णा बसायचे.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. वय झालं होतं, पण पाठ ताठ, दात शाबूत, आणि जीभ दातांहून शाबूत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एकच गोष्ट सांगायचे. “हा धंदा दिसतोय ना, तो मी ठरवला. पोरगा सैन्यात निघाला होता पिपाणी वाजवायला. मी म्हटलं, ट्रेड असा घे, की वर्दी उतरली तरी हात रिकामे राहणार नाहीत.” मग ते दुकानाकडे हात करायचे. ऐकणारा मान डोलवायचा. थंडोबा आतून पाना आपटायचा, आणि लोकांना वाटायचं, काहीतरी घट्ट बसलंय.

अण्णांचं म्हणणं कुठून आलं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर म्हातारा नुसताच बढाईखोर वाटेल. तरुणपणी ते छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचा एकेक खिळा उचलून उलट्या ओळी जुळवायच्या, त्याही अशा झपाट्यानं, की मालक पाहुण्यांना मुद्दाम बघायला आणायचा. एका उन्हाळ्यात छापखान्यात नवी यंत्रं आली आणि खिळ्यांचे खण भंगारवाल्याच्या गाडीवर चढले. अण्णांच्या बोटांत जेवढं होतं तेवढं सगळं त्या एका उन्हाळ्यात निकामी झालं. पुढची सगळी नोकरी त्यांनी एका गोदामाच्या फाटकावर बसून काढली. आपल्या मुलाच्या हातचं काम असं कोणी काढून घेता कामा नये, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात तेव्हा बसली ती बसलीच.

म्हणून पोरगा अठराव्या वर्षी सैन्यात निवडला गेला, आणि परीक्षा चांगली गेल्यामुळे त्याला ट्रेड, म्हणजे सैन्यातलं काम, निवडायची मुभा मिळाली, तेव्हा अण्णा स्वतः भरती कार्यालयात जाऊन बाकावर बसले. पोराला बँडमध्ये जायचं होतं. शाळेत तो ट्रम्पेट वाजवायचा आणि बरा वाजवायचा. अण्णांनी त्याला विचारलं, की बाहेर आल्यावर काय करणार, लोकांच्या लग्नात फुंकणार? मग खिडकीतल्या कारकुनाला त्यांनी एकच प्रश्न विचारला: लढाई नसताना, बाहेरच्या जगात, यातल्या कशाला मागणी असते? कारकून म्हणाला, रेफ्रिजरेशन. माणूस आहे तिथे फ्रिज आहे. अण्णांनी मुलाचा हात धरून त्याला खिडकीपाशी नेलं आणि तो शब्द त्याच्या तोंडून वदवून घेतला.

आणि अण्णांचं बरोबर निघालं. खरी चीड तीच होती. थंडोबा सैन्यातून बाहेर पडला त्या महिन्यात त्याच्याबरोबरचे रणगाडेवाले, तोफवाले नोकरीसाठी दारोदार हिंडत होते, आणि याच्याकडे बर्फाच्या कारखान्याचा माणूस घर शोधत आला. तेव्हापासून कामाला खंड नाही. घर झालं, लग्न झालं, लेक झाली. चुकीचा सल्ला देणाऱ्या बापावर माणूस सुखानं चिडू शकतो. बरोबर सल्ला देणाऱ्या बापाचं करायचं काय?

थंडोबाची आणखी एक तऱ्हा होती, आणि ती सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. कोल्ड रूमचं दार लावण्याआधी तो चौकटीत उभा राहायचा आणि आत आवाज टाकायचा, “कोण आहे का आत?” मग एक श्वास घेऊन सोडेपर्यंत थांबायचा. मगच दार लावायचा. हा सैन्यातल्या त्याच्या ट्रेडचा नियम होता. त्याला शिकवणाऱ्या वस्तादाचा एक मदतनीस पूर्वी कधी मांसाच्या गार खोलीत आतच राहिला होता आणि बाहेरून दार लागलं होतं. वस्तादानं त्यानंतर हा नियम पोरांच्या हाडांत घातला. बाहेरच्या धंद्यात मात्र असं कोणी करत नसे. फुलवाल्याकडची गार खोली तर कपाटाएवढी, एका नजरेत चारही भिंती दिसायच्या. थंडोबा तिथेही विचारायचा आणि थांबायचा. फुलवाला मागे उभा राहून हसू दाबायचा.

घरी कोणी हसू दाबत नसे. अण्णांना या सवयीची भलतीच मौज वाटायची. स्वयंपाकघरातला फ्रिज लावताना ते कमरेत वाकून विचारायचे, “कोण आहे का आत? कोबी, तू आहेस का बाळा?” मग कान लावून थांबायचे. थंडोबाची लेक भिंगरी लहान होती तेव्हा टेबलाखालून कोबीच्या आवाजात ‘आहे, आहे’ म्हणायची आणि खिदळून लोळायची. मोठी झाली तरी कधी कधी म्हणायची. अशा वेळी थंडोबा ताटावरून उठून बाहेर जायचा. घरातल्यांनी ठरवून टाकलं होतं, की याला थट्टा सोसत नाही.

भिंगरी ही त्याची एकुलती एक लेक. एका जागी टिकणं तिला जन्मात जमलं नाही, म्हणून हे नाव. मात्र एका ठिकाणी ती टिकायची, ते म्हणजे बापाशेजारी, हातात टॉर्च धरून. कोणती नळी कुठे जाते, गॅस कुठे गळतो, साबणाचा फेस लावून बुडबुडा कसा शोधायचा, हे तिला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. शिव्याही ती त्याच्याकडूनच शिकली होती, पण त्या घरात देत नसे.

या वर्षी तिनं सैन्याची परीक्षा दिली आणि वरच्या नंबरानं निवडली गेली. तिलाही ट्रेड निवडायची मुभा मिळाली. सोमवारी सकाळी खिडकीवर जाऊन तोंडानं सांगायचा. एकदा सांगितला की बदलता येत नाही. अण्णांनी गल्लीत पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. आणि ट्रेड कोणता, याचा तर त्यांच्या मनात प्रश्नच नव्हता. भिंगरीच्याही मनात नव्हता. ती म्हणाली, “बाबांचाच.”

थंडोबा म्हणाला, “नाही.”

सगळ्यांना वाटलं, चेष्टा करतोय. पण त्या माणसानं चेष्टा कधी केलीच नव्हती. अण्णांनी विचारलं, की बाबा रे, तुझं घर ज्यावर उभं आहे त्यात वाईट काय आहे? तो म्हणाला, मी म्हणतो म्हणून नाही. भिंगरीनं विचारलं, मग काय घेऊ? तो म्हणाला, ड्रायव्हर हो, स्वयंपाकी हो, कुत्री सांभाळ, नाहीतर बँडमध्ये जा. हे ऐकून त्याची बायकोसुद्धा हसली, कारण भिंगरीला शाळेच्या समूहगीतात नुसते ओठ हलवायला सांगितलेलं होतं. थंडोबा हसला नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो कशानं झालाय हे तो सांगत नव्हता.

त्या आठवड्यात घरात धड कोणी बोललं नाही. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची; ती संध्याकाळी दमून यायची, तिघांची तोंडं तीन दिशांना बघायची आणि पोळ्या लाटायला घ्यायची. एकदा तिनं नवऱ्याला विचारलं, पोरीला निदान कारण तरी काय सांगू. तो म्हणाला, कारण सांगता आलं असतं तर मीच सांगितलं असतं. लग्न झाल्यापासून तिनं पाहिलं होतं, की हा माणूस खाटकाच्या दुकानातलं यंत्र स्वतःच्या मुलासारखं सांभाळतो, पण त्या दुकानातलं काही घरी आणत नाही. तिनं कधी विचारलं नव्हतं. आपण विचारलं असतं तर बरं झालं असतं का, याचा ती आता विचार करू लागली.

शनिवारी संध्याकाळी चौघं जेवायला बसली. अण्णांनी वातावरण हलकं करायचा विडा उचलला होता. दूध काढायला उठले, फ्रिज उघडला, दूध घेतलं, आणि दार लावता लावता भिंगरीकडे डोळा मिचकावून वाकले. “कोण आहे का आत? कोबी, सोमवारी आमची भिंगरी तुलाच भेटायला निघालीय बघ.”

भिंगरीनं सवयीनं तोंड उघडलं, आणि बापाकडे बघून मिटलं.

“होते, अण्णा,” थंडोबा म्हणाला. “आत होते.”

तो उठला होता. ओरडला नाही. जो माणूस ढिल्या स्क्रूवरही ओरडतो तो ओरडला नाही, याचीच सगळ्यांना भीती वाटली. त्यानं फ्रिजच्या दाराला हात लावला आणि तसाच उभा राहून सांगायला लागला.

ट्रक होते, मोठे, पांढरे, पाठीमागे गार खोली असलेले. पुढच्या ठाण्यांवर मांस, भाजी, दूध पोचवायचे आणि रिकामे परत यायचे. त्यांतली यंत्रं चालू ठेवणं हे थंडोबाचं काम. आरामाचं काम. पत्रात तो घरी लिहायचा, मी मजेत आहे, गारव्यात आहे, आणि अण्णा ते पत्र गल्लीत वाचून दाखवायचे. मग सीमेवर लढाई सुरू झाली. भर उन्हाळा होता. काही दिवसांतच साहेबानं येऊन सांगितलं, की ट्रक आतून धुऊन घ्या. त्यानंतर ते ट्रक रिकामे परत आले नाहीत. जाताना भाजी, येताना माणसं. एकावर एक ठेवायची नाहीत, एवढा एकच हुकूम होता, आणि तोही पुढे पाळता आला नाही.

“गार राहिली पाहिजेत, एवढं माझं काम,” तो म्हणाला. “घरी पाठवायची होती ना. आयांनी तोंड बघायचं होतं. एकदा ट्रक रस्त्यातच बंद पडला. गार करणारी कॉइल आत असते, हे भिंगरीला माहीत आहे. दुपारभर मी आत बसून ती दुरुस्त केली. पाय ठेवायला जागा नव्हती. एकाला जरा बाजूला सरकवलं, तर तोंडातून ‘सरक रे’ निघून गेलं.”

बायकोनं तोंडाला पदर लावला. भिंगरी ताटाकडे बघत होती. अण्णा दुधाचं भांडं हातात धरून उभे होते, ते खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

दार लावायची वेळ आली तेव्हा नियमाचं काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं विचारलं. कोण आहे का आत? शब्द तोंडातून गेल्यावर आपण कोणाला विचारतोय हे त्याच्या ध्यानात आलं. तरी तो थांबला, श्वासभर. दुसऱ्या दिवशी त्यानं न विचारता दार ओढून बघितलं. हात पुढे गेलाच नाही. मग त्यानं रोज विचारलं, प्रत्येक फेरीला, लढाई संपेपर्यंत. ड्रायव्हर पोरं आधी हसायची. नंतर हसायची बंद झाली, आणि इंजिन सुरू करायला त्याचा श्वास सोडून होईपर्यंत थांबायला लागली.

“आणि ती माणसं ट्रकपर्यंत कोण आणायचं, माहीत आहे? बँडवाले. लढाई लागली की ते वाद्यं ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. तुम्हाला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तुम्ही मला बँडमधून काढलंत. ते आणायचे आणि मी ठेवायचो, एवढाच काय तो फरक.” इथे त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “तुम्ही त्या कारकुनाला विचारलंत, लढाई नसताना याचा काय उपयोग. लढाई असताना काय उपयोग, हे नाही विचारलंत. आणि इतकी वर्षं त्या स्टुलावर बसून सांगताय, मी ठरवलं, मी ठरवलं. लढाई संपल्यावर त्याच ट्रकमधून परत मांस जायला लागलं, अण्णा. धुऊन. तेच ट्रक.”

अण्णांनी भांडं टेबलावर ठेवलं. दूध थोडं सांडलं. त्यांनी विचारलं, “इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तुम्ही किती खूष होतात,” थंडोबा म्हणाला. “कोणत्या तोंडानं सांगणार होतो?”

तो खाली दुकानात निघून गेला. वर कोणी जेवलं नाही. खाली जाताच त्यानं दुकानातली ती फळी हातानं झाडून रिकामी केली, आणि जळके कॉम्प्रेसर जमिनीवर पडल्याचा आवाज वर ऐकू आला. मनातलं ओकून टाकलं की माणूस मोकळा होतो, असं लोक म्हणतात. थंडोबाला तसलं काही वाटलं नाही. म्हाताऱ्याच्या हातून सांडलेलं ते दूध त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि त्याचाही त्याला राग आला. ज्या रागावर त्यानं इतकी वर्षं काढली होती, तो सुद्धा आता त्याला धड करता येईना.

रविवारी सकाळी आइस्क्रीमच्या गोदामातून फोन आला. ऐन हंगामात मोठी कोल्ड रूम बसली होती, आणि मालक रडकुंडीला आला होता. थंडोबानं हत्यारांची पेटी व्हॅनमध्ये टाकली. भिंगरी न विचारता मागे चढली. अण्णाही आले आणि पुढच्या सीटवर बसले. मोठ्या कामाला ते नेहमीच यायचे, मालकाशेजारी खुर्ची टाकून गोष्ट सांगायला. आज काय सांगणार आहेत, असं थंडोबाच्या मनात आलं. सकाळी घरात फ्रिज लावताना अण्णांनी दार इतकं हळू लावलं होतं, की ते नीट लागलंच नव्हतं, आणि ते बघून थंडोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यानं दार पुन्हा उघडून धाडकन लावलं होतं.

गोदाम म्हणजे एक लांबलचक शेड, मागच्या बाजूला जाड दाराची खोली. आतला दिवा गेलेला, पंख्यावर बर्फाचा गठ्ठा धरलेला. थंडोबानं मालकाला तिथल्या तिथे झापलं, की बर्फ धरायला लागला तेव्हाच का नाही बोलावलंस, डोळे काय आइस्क्रीममध्ये घातले होतेस? मग थंडोबा जाकीट चढवून आत गेला आणि भिंगरी बाहेर कॉम्प्रेसरपाशी बसली. काम चालू असताना मालक अण्णांसाठी खुर्ची घेऊन आला आणि नेहमीसारखं म्हणाला, “मग अण्णा, पोराला या धंद्यात घालायचं डोकं तुमचंच ना?”

“तो शिकला, त्याचं आहे,” अण्णा म्हणाले. “मला काय कळतंय त्यातलं.”

आत शिडीवर उभ्या असलेल्या थंडोबाला ते स्पष्ट ऐकू आलं. हेच वाक्य ऐकायला तो वर्षानुवर्षं टपून बसला होता. आता ते मिळालं आणि त्याला वाटलं, कोणीतरी म्हाताऱ्याच्या अंगावरचे कपडे काढून घेतलेत. ते कोणी काढले हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं बर्फाचा गठ्ठा हातोडीनं असा फोडला, की बाहेर मालक दचकला.

दुपार व्हायच्या आत पंखा फिरला आणि खोली गार व्हायला लागली. थंडोबा बाहेर येऊन हात चोळत उभा राहिला. भिंगरी फडक्यानं पाने पुसत होती. पुसता पुसता, वर न बघता ती म्हणाली, “बाबा, मी तोच ट्रेड घेणार आहे.”

“काल ऐकलंस ना सगळं?”

“ऐकलं. म्हणूनच.”

त्यानं पेटीला लाथ मारली. पाने शेडभर पसरले. तो तिला मूर्ख म्हणाला, हट्टी म्हणाला, आजोबांवर गेलीस म्हणाला. हे काय शौर्य वाटतं का तुला, वर्दीत फोटो काढून घ्यायचा आहे का, असं विचारलं. तिनं सगळं संपेपर्यंत वाट बघितली. मग ती म्हणाली, की तुम्ही नसतात तर त्या ट्रकवर दुसरं कोणीतरी असतं, आणि त्यानं न विचारता दार लावलं असतं. लढाई लागू नये. पण लागलीच, तर तिथे तुमच्याकडून शिकलेलं कोणीतरी असायला हवं. आणि नाहीच लागली, तर बाहेर आल्यावर दुकान आहेच, आजोबा म्हणतात तसं. शेवटचं वाक्य तिनं जरा हसून म्हटलं, बापासारखंच रागाचं हसू.

थंडोबा पसरलेले पाने एकेक करून गोळा करू लागला, तिनंही केले. पेटीचं झाकण लावताना तो तिच्याकडे न बघता बोलला.

“विचारलं की थांबायचं. कोणी बोलणार नाही हे माहीत असलं, तरी थांबायचं. वर साहेब ओरडला तरी. समजलं?”

“समजलं,” भिंगरी म्हणाली.

“काही समजलेलं नाही तुला,” तो म्हणाला, आणि टॉर्च आत राहिला म्हणून तणतणत पुन्हा खोलीत शिरला.

भिंगरी पेटी घेऊन व्हॅनकडे गेली. मालक गिऱ्हाइकांना फोन करायला पुढे गेला होता. खोलीच्या दाराशी अण्णा एकटेच उरले; थंडोबा पुन्हा आत शिरल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. दार सताड उघडं, आत मिट्ट काळोख, आणि गारवा पायांवरून बाहेर चाललेला. उघडं दार बघून गप्प बसणं अण्णांना कधीच जमलं नव्हतं. वाया जाणारी कुठलीही गोष्ट त्यांना बघवत नसे. थंडोबा आतल्या टोकाला, खोक्यांच्या रांगेमागे, हातानं टॉर्च चाचपडत होता. दाराच्या बिजागरीचा आवाज त्यानं ऐकला. उजेडाची पट्टी भिंतीवर अरुंद होत गेली. त्याच्या तोंडात शिवी आली.

आणि पट्टी थांबली.

“कोण आहे का आत?” अण्णांनी विचारलं.

आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. म्हातारा चौकटीत ताठ उभा होता, एक हात दारावर, मान किंचित पुढे, आणि तो थांबला होता. थंडोबानं हा प्रश्न जन्मभर विचारला होता. त्याला तो आजवर कोणी विचारला नव्हता. तोंडात आलेली शिवी तिथेच राहिली, आणि त्या गडबडीत उत्तर द्यायचंही राहून गेलं. श्वासभराचा वेळ कधीच उलटून गेला होता. अण्णा हलले नाहीत. दारही हललं नाही.

“आहे,” थंडोबा शेवटी ओरडला. “मी आहे आत. दार लावू नका.”

“नाही लावत,” अण्णा म्हणाले. “ये तू.”